प्रमिलाताईंची फोनवरची दिवाळी

प्रमिलाताईंच्या घरच्या नंबरवरून फोन आला आणि पलीकडून कुणी बोलेच ना. मंगळवारची सकाळ, दहाचा सुमार. मी नुकताच कॉम्प्युटर सुरू करून कामाला बसत होतो. "ताई? बोला ना, ताई…" मी तीनदा म्हणालो. श्वास ऐकू येत होता, पण तो ताईंचा नव्हता. मग कुणीतरी घसा साफ केला. ताईंचे यजमान, बाळारामभाऊ. आयुष्यात फोनवर चार वाक्यं बोलले नसतील ते. "गेली रं ती," ते म्हणाले, "सकाळी उठलीच न्हाय." या गोष्टीला आता पाच आठवडे होतील.

आधी आमचं काम काय ते सांगायला हवं, कारण ताईंची नि माझी ओळख त्या कामापलीकडे फारशी नव्हतीच. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची हकीकत बोलून रेकॉर्ड करतात. ते बोलणं इकडे येतं, आणि आम्ही हेडफोन लावून ते ऐकून टाइप करतो. भिवंडीत ब्रॉडबँड नवंनवं आलं त्या वर्षी मुंबईतल्या एका कंपनीने घरबसल्या हे काम द्यायला सुरुवात केली. आम्ही नऊजण. मी, विलास, निजामपुऱ्यात, ताई कामतघरला, रेश्मा पार अंबाडीला, शबाना माझ्यापासून दोन गल्ल्यांवर, बाकीच्या कल्याण-शहापूरकडे. आठ बायका आणि मी एकटा पुरुष, आणि तरी आमच्यातली भित्री भागूबाई मीच. विजेच्या बटणाला चप्पल घातल्याशिवाय हात लावत नाही, कुत्रं दिसलं की रस्ता बदलतो, कंपनीचं पत्र आलं की बायकोला उघडायला लावतो. ताई आमच्या एडिटर. आगरी घरातली बाई, शेतावर जाणाऱ्या आईची मुलगी, लग्नानंतर हट्टाने बी.एस्सी. झालेली. आमच्या कामात एक रीत आहे : शब्द ऐकू आला नाही तर अंदाजाने काही लिहायचं नाही, तिथे रेघ मारून मोकळी जागा सोडायची आणि पुढे जायचं. त्याला आम्ही 'ब्लँक' म्हणतो. आम्ही सोडलेले ब्लँक ताई भरायच्या. एकेका शब्दासाठी वीसवीसदा मागे जाऊन ऐकायच्या. "माणूस बोललाय ना, मग काहीतरी बोललाच आसंल," असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

दिवाळीला मुंबईच्या ऑफिसात पार्टी व्हायची, हॉटेलात जेवण, गाणी वगैरे. घरून काम करणाऱ्यांना सुक्या मेव्याचा एक डबा कुरिअरने यायचा, तोही कधीकधी भाऊबीज उलटल्यावर. दुसऱ्या वर्षी ताईंनी तो डबा उघडलाच नाही. "आपली पार्टी आपन करू," त्यांनी जाहीर केलं. पण करायची कुठे? कुणाची सासू सोडत नव्हती, कुणाचं मूल लहान, आणि अमेरिकेला आपल्या दिवाळीशी काय देणंघेणं, काम चालूच. तेव्हा ताईंनी डोकं लढवलं. दर शनिवारी आमची मीटिंग फोनवर व्हायची. सगळ्यांनी एक नंबर फिरवायचा, पिन दाबायचा, की नऊजण एका लाइनवर. ताईंचा पिन 'होस्ट'चा, म्हणजे मीटिंग चालवणाऱ्याचा. त्यांनी फोन ठेवला की सगळ्यांच्या लाइनी तुटायच्या. आणि वेळ निवडली धनत्रयोदशीच्या दुपारी दोनची. का, तर दोनला लोडशेडिंग. दोन ते चार कॉम्प्युटर बंद, घरोघरचे कापडाचे लूम बंद, अख्खी भिवंडी चिडीचूप, आणि साधा वायरचा फोन मात्र विजेशिवाय चालतो. ज्या दोन तासांना आम्ही रोज शिव्या घालायचो त्यांतच पार्टी करायची ही त्यांची कल्पना होती.

पार्टीत खेळ काय, तर चकलीची स्पर्धा. प्रत्येकाने आपल्या घरची चकली फोनच्या तोंडाशी धरून मोडायची, मग खायची, आणि ताईंनी नुसत्या कानाने ठरवायचं कुणाची खुसखुशीत. हसू नका, आम्ही कानाचीच माणसं. शबाना म्हणाली, "मेरे यहाँ चकली कहाँ, ताई, मी शंकरपाळी तोडू का?" तर ताई म्हणाल्या, "तोड, तुला येगळा नंबर देते." माझी चकली मोडली तेव्हा 'फस्' असा आवाज आला आणि ताईंनी निकाल दिला, "इलास, तुझी चकली तुझ्यासारखीच हाय. मऊ." सगळ्या खिदळल्या. मग रेश्माची पाळी आली. रेश्मा म्हणजे पंचविशीतली मुलगी, पोटुशी, आठवा महिना. नवरा टेम्पो घेऊन तालुक्याला, वाड्याला गेलेला, सासू बाजारात. "माझी आईकडची हाय, ताई, ऐका हं…" ती म्हणाली. कडकन आवाज आला. मग काहीतरी पडल्यासारखं धप्प वाजलं, आणि मग काहीच नाही.

"रेश्मा?" दोघीतिघींनी हाका मारल्या. उत्तर नाही. आता जे लिहितोय ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी म्हणालो, "लाइन गेली वाटतं. ब्लँक सोडा हो, पुढे चला." सगळ्या हसल्या. कल्याणची एकजण तर "पुढचा नंबर माझा" म्हणून चकली मोडायलाही लागली. आमच्यातल्या कुणाला वेगळं काही वाटलं नाही, कारण रोज शंभरदा आम्ही हेच करत होतो, ऐकू नाही आलं की जागा सोडून पुढे जात होतो.

"गप बसा सगळी!" ताई ओरडल्या. तो आवाज मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता. लूम बंद होते म्हणून माझ्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, आणि त्याखाली, फोनमध्ये, कुणीतरी घोरत होतं. घशात काही अडकल्यासारखं, ओलं, ओढून ओढून. ताईंनी हळू आवाजात विचारलं, "ती डोकं दुखतं बोलत व्हती ना? चार दिस? बांगड्या घट झाल्या बोलत व्हती?" आणि मग त्यांनी त्या आजाराचं इंग्रजी नाव उच्चारलं, गरोदर बाईचं ब्लडप्रेशर वाढून झटके येतात त्याचं. ते नाव आम्ही प्रत्येकाने डझनभर वेळा टाइप केलं होतं. लक्षणं तोंडपाठ होती. अमेरिकेतल्या बायकांच्या बाबतीत आम्ही ती रोज लिहीत होतो, आणि रेश्माने डोकं दुखतंय म्हटलं तेव्हा मी तिला बाम लावायला सांगितलं होतं.

खरी भीती तर पुढेच होती. रेश्माचं घर कुठे, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. वर्षभर रोज बोलत होतो आणि 'अंबाडी' यापलीकडे पत्ता नाही. कंपनीत फोन लावावा तर सगळे दिवाळीच्या जेवणाला गेलेले. ताई फोन ठेवू शकत नव्हत्या, त्यांनी ठेवला की रेश्माच्या श्वासाशी असलेला एवढासा धागाही तुटणार होता. "इलास, तुझ्याकं मोबाइल हाय," त्या म्हणाल्या, "तुझा मावसभाऊ खताच्या दुकानात हाय ना अंबाडी नाक्यावर? त्याला लाव. सांग, पिठाच्या गिरणीला लागून घर हाय, आन् वाड्याचा जीपवाला सीट भरायला वरडतो तो अगदी दारात वरडतो." मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? "रोज ऐकते ना तिच्या मागं!" नंबर दोनदा चुकला. भावाला काय सांगितलं ते आठवत नाही. एका कानाला मोबाइल, दुसऱ्याला रिसीव्हर, आणि रिसीव्हरमध्ये ताई एकसारख्या म्हणत होत्या, "रेश्मा, मी हाय गं. हाय मी हितं." मधेच तो श्वास थांबायचा. मग कुणीच श्वास घ्यायचं नाही. पुन्हा सुरू झाला की शबाना कलमा पुटपुटताना ऐकू यायची. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी फोनमधूनच दाराची कडी तुटल्याचा आवाज आला, माणसांचा गलका झाला, मावसभाऊ "इथंच आहे, इथंच!" असं ओरडला, आणि मी मटकन जमिनीवर बसलो. हातात चकलीचा उरलेला तुकडा तसाच होता.

रेश्मा वाचली. सातव्या दिवशी शुद्धीवर येऊन बोलली. मुलगी झाली, एवढीशी, दीड महिना काचेच्या पेटीत ठेवली होती. ती आता शाळेत जाते. त्यानंतर दर दिवाळीला ताईंची दुपारची पार्टी झालीच, आणि सुरुवातीला प्रत्येकाने आपला पत्ता आणि शेजाऱ्याचं नाव मोठ्याने सांगायचं, मगच चकली. मी 'ब्लँक सोडा' म्हणालो होतो ते ताईंनी मला कधी ऐकवलं नाही. चिडवायच्या पुष्कळ, भित्रेपणावरून तर रोज, पण ते एक वाक्य त्यांनी जणू कुणी बोललंच नव्हतं असं ठेवलं. त्यामुळे मी जास्तच घाबरून असायचो… वाटायचं, कधीतरी बोलतील.

आता शेवटचा फोन. त्या जायच्या दोन दिवस आधीचा, रविवारचा. एका फाइलबद्दल विचारायला मीच केला होता. ताई म्हणाल्या, "आज काय शब्दच लागत न्हाईत रं कानाला. डोकं निसतं जड." आणि बोलता बोलता मधे थांबल्या. मोजून दोन-तीन सेकंद. मी तो थांबा ऐकला. नक्की ऐकला. मला घाई होती, फाइल द्यायची होती. "उकाडा किती आहे, ताई, जरा पडा," म्हणून मी फोन ठेवला. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, झोपेतच. रविवारी दवाखान्यात नेलं असतं तर, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायची हिंमत नाही. उत्तर 'हो' आलं तर ते घेऊन मी कुठे जाऊ? रेश्माच्या वेळी चूक झाली तेव्हा सावरायला ताई होत्या. या वेळी चूक सावरायला कुणी नव्हतं, आणि हे माझ्याखेरीज तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

शोकसभा फोनवरच करायची असं सगळ्यांचं ठरलं. कंपनीने ताईंचा होस्टचा पिन माझ्या नावावर केला आहे. मी नको म्हटलं होतं. कुठून करायची विचारलं तर रेश्मा म्हणाली, "ताईंच्याच फोनवरून कर ना, दादा." म्हणून गेल्या शनिवारी दुपारी मी कामतघरला गेलो. सात वर्षांत त्या घरात मी पहिल्यांदाच गेलो होतो. खोलीत एक टेबल, खुर्ची, फोन, आणि टेबलावर काचेखाली ताईंच्या अक्षरातला एक कागद. रेश्मा : गिरणी, जीपवाला, पोरीची पैंजणं. शबाना : कबुतरं, अब्बांचा खोकला. अशी नऊ नावं, नवव्या नावापुढे काही नाही. माझ्यापुढे लिहिलं होतं, 'विलास : शेजारचे लूम, बायकोच्या बांगड्या. भ्यायला की जास्त बोलतो.' नववं नाव त्यांचं स्वतःचं. मी पेन काढलं. ताईंच्या मागे काय वाजायचं? आठवेना. किती डोकं खाजवलं तरी एकही आवाज आठवेना, भांडं नाही, टीव्ही नाही, माणूस नाही. म्हटलं, हिचं मी काहीच ऐकलं नाही की काय इतक्या वर्षांत?

बाळारामभाऊ दारात उभे होते. "काय सोधतंस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कागदाकडे पाहिलं. वाचता येत नाही त्यांना. "हितं काय वाजत नव्हतं," ते म्हणाले. "ती कानाला लावून बसली का मी रेडिवो बंद करायचो. चपला बाहेर काढायचो. तिला आयकू गेला पायजे ना."

मी फोनला हात घातला. ऑक्टोबरची दुपार, लोडशेडिंग हल्ली सकाळचं असतं, त्यामुळे डोक्यावर पंखा गरगरत होता. मी पिन दाबला, एकेक जण लाइनवर येऊ लागली. सांगायचं ठरवलं होतं. रविवारचा तो फोन, तो थांबा, सगळं. रेश्माला, सगळ्यांना. तेवढ्यात बाळारामभाऊ अनवाणी, भिंतीच्या कडेकडेने चालत गेले, आणि पंख्याचं बटण बंद केलं. पंखा मंदावत मंदावत थांबला. ते दाराबाहेर जाऊन उंबऱ्याशी माझ्याकडे पाठ करून बसले, आणि मी त्या रविवारपासून बोलायला सुरुवात केली.