बळदातली बाटली

माझा साडू नाशिकला वाईनच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे आणि मी गेवराईत मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. एवढं सांगितलं की सासुरवाडीत पाट कुणाला आणि काम कुणाला, हे वेगळं सांगायला नको. सासुरवाडी उमापूरची. सासऱ्यांना दोन मुलीच. थोरली मला दिली, धाकटी त्याला.

गेवराईहून उमापूर म्हणजे गाडीला किक मारली की पोचलो. त्यामुळे बोअरची मोटार जळाली, बोलवा याला. सासूबाईंची दाढ ठणकली, बोलवा याला. साडू उगवायचा तो अधिक महिन्यात, तीन वर्षांतून एकदा, धोंड्याच्या जेवणाला. त्याची कार वेशीजवळ दिसली की सासरे टोपी नीट करून अंगणात येऊन उभे राहत. मी गेलो की बाजेवरून न उठता म्हणत, "आला का? बघ जरा, मोटार कावून घरघर करायली." दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काय खोटं नाही. मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. हेवा कसला, जळायचो मी त्याच्यावर.

अशाच एका धोंड्याला त्याने ती बाटली आणली. मी गेवराईहून पेढे नेले होते. ते दिवेलागणीपर्यंत संपले आणि चांगले होते असंही कुणी म्हणालं नाही. बाटलीपुढे मात्र अख्खं घर गोळा झालं. साडूने समजावून सांगितलं, "सिराह नावाच्या काळ्या द्राक्षाची वाईन आहे. अंधारात, गारव्याला, आडवी ठेवा. मुरेल तेवढी चांगली." सासरे जन्मात दारूच्या वाटेला गेलेले नाहीत. पण जावयाने आणलेली वस्तू, म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि जाहीर केलं, "दोघं जावई एका जागी बसतील तवाच फोडू."

इथेच मेख होती. आम्ही दोघं एका जागी बसायचो ते फक्त अधिक महिन्यात, आणि अधिक महिन्यात त्या घरात कांदा-लसूणसुद्धा शिजत नाही. मग दर धोंड्याला तेच व्हायचं. पाय धुणं, औक्षण, पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, अनारसे, वाण. सगळं आटोपलं की सासऱ्यांना बाटली आठवायची आणि सासूबाई डोळे वटारायच्या. "ऱ्हाऊ द्या मग. फुडच्या बारीला," असं म्हणून सासरे विषय मिटवायचे. धोंड्यामागून धोंडे गेले, बाटली होती तिथेच राहिली.

होती ती बळदात. बळद म्हणजे माजघराच्या जाड भिंतीत बांधून काढलेली ज्वारीची कोठी. वैशाखात बाहेर अंगणात पाय भाजतात, पण बळदात कोपरापर्यंत हात घातला की गार लागतं. नवी ज्वारी आली की बळद रिकामं करून, झाडून, पुन्हा भरायचं काम अर्थातच माझं. दर वर्षी मी त्याची बाटली बाहेर काढायचो, माझ्या टॉवेलने पुसायचो, परत आडवी घालायचो आणि वर ज्वारी ओतायचो. सासरे दारात उभे राहून राखण करत.

"हळू बे. जावईबापूंची हाय ती."

आणि मी कोण होतो? हमाल?

या हिवाळ्यात सासऱ्यांनी धोंड्याची वाट बघणं सोडलं. त्यांचे गुडघे गेलेत, काठी आलीय. त्यांनी दोघांनाही फोन केला, "फुडचा धोंडा म्या बघतो का न्हाई, कुणाला ठाव. हुरड्यालाच या दोघंबी."

आम्ही गेलो. शेतात सासूबाई आणि दोघी बहिणी आगटीपाशी कणसं भाजत बसल्या. बाटली दिसताच सासूबाईंनी पाठ फिरवली आणि म्हणाल्या, "घ्या तिकडं तुमचं औषध." आम्ही तिघं लिंबाखाली सतरंजीवर बसलो. सासऱ्यांसमोर प्यायचं म्हणून माझी मान वर होत नव्हती, पण मनात मी देवाकडे एकच मागणं मागत होतो, ही आंबलेली निघू दे. आंबलेली निघाली असती तर इतकी वर्षं आपण भलत्यालाच जपत होतो हे सासऱ्यांना एकदाचं कळलं असतं. मला दुसरं काही नको होतं.

साडूने बुचात स्क्रू फिरवला आणि बूच अर्ध्यात तुटलं. मला बरं वाटलं. उरलेल्या अर्ध्याचा भुगा आत पडला, तेव्हा आणखी बरं वाटलं. "गाळून घेऊ," तो म्हणाला आणि त्याने माझा रुमाल मागितला. त्याचा पांढराशुभ्र रुमाल खिशातच राहिला.

त्याने काचेचे नाजूक ग्लास आणले होते. सासरे फुटायच्या भीतीने ग्लासला हात लावेनात, म्हणून त्यांना स्टीलच्या पेल्यात दिली. रंग काळपट लाल होता, कडेला विटकरी झाक. साडूने ग्लास गोल फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले आणि घोट घेऊन तो तोंडात घोळवत राहिला. मी आशेने त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग मीही घोट घेतला. आधी जांभळासारखी जीभ आवळली. मग घशाशी काळी मिरी आली, आणि शेवटी चांभाराकडून नवी वहाण आणल्यावर येतो तसा वास. चांगली होती. फारच चांगली होती. माझ्या पोटात दुखलं ते त्यानेच.

"हिच्या जोडीची माझ्या फ्लॅटवर होती. ती कधीच खराब झाली," साडू म्हणाला. "ही कशी काय टिकली?"

मी जरा सावरून बसलो.

"बळदात व्हती," सासरे म्हणाले. "आमच्या ज्वारीचा गुण हाय त्यो."

म्हणजे ज्वारीचं नाव झालं, माझं नाहीच.

सासऱ्यांनी पेला तोंडाला लावला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण घोट त्यांनी गिळला. "लई भारी हाय, जावईबापू," ते साडूला म्हणाले. मग साडू ग्लास उन्हाकडे धरून रंग बघत होता, तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघताच पेला माझ्या पुढ्यात सरकवला.

"घे बे, संपीव. मला न्हाई जमत."

पेल्याच्या काठाला त्यांच्या मिशीवरची शेंगदाण्याची चटणी लागली होती. आमच्याकडे जावयाचे पाय धुतात. त्याला उष्टं देणं तर सोडाच, त्याच्या ताटाला आपल्या हाताचा खरकटा थेंब लागला तरी ताट बदलतात. उष्टं द्यायचं ते पोटच्या पोराला. आपण काय केलं हे सासऱ्यांच्या ध्यानातही नव्हतं. ते हुरडा चोळत होते. मी पेला उचलला आणि थेंब न ठेवता प्यालो.

साडूचा उन्हाकडे धरलेला ग्लास खाली आला होता. तो माझ्या हातातल्या पेल्याकडे बघत होता.

निघायच्या वेळी सासऱ्यांनी त्याच्यासाठी ज्वारीचं पोतं काढलं आणि ते डिकीत टाकायला अर्थातच मला सांगितलं. डिकीपाशी आम्ही दोघंच होतो. शेताकडे बघत तो म्हणाला, "दादा, मला त्यांनी कधी उष्टं पाणीसुद्धा दिलं नाही. दर वेळी टॉवेल-टोपी, पाट, तुपाची धार. पाहुणा तो पाहुणाच."

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. इतकी वर्षं धोंड्याहून परतल्यावर बायकोपुढे मी त्याच आवाजात बोलत आलो होतो. त्याची समजूत घालावी असं मला मुळीच वाटलं नाही. मी डिकी लावली आणि जीभ टाळूला लावून बघितली. मिरी अजून होती.