भाईदासनं जोडलेली बॅटरी

धरणगावच्या एका जिनिंगमध्ये भाईदास वायरमन होता, आणि त्याची बायको सुंदरबाई तिथंच कापूस निवडायला जायची. कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षं तिच्या छातीत बसत गेली. पन्नाशीच्या आतच फुप्फुसं निकामी झाली आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. ते विजेवर चालायचं, आणि उन्हाळ्यात दुपारची वीज हमखास जायची. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी कधीच मेली होती. वीज गेली की सुंदरबाईचे ओठ निळे पडत आणि भाईदास पुठ्ठ्यानं वारा घालत बसे. त्यानं काही होत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

भंगारवाल्या रुपचंदकडे त्याला चेपलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी मिळाली. आतले बरेच सेल चांगले निघाले. पण त्यांची इन्व्हर्टरसाठी नवी बॅटरी करायला ते पत्र्याच्या पट्ट्यांनी जोडायचे कसे? सोल्डरिंगच्या तापानं सेल आतून बिघडतात. पट्टी क्षणात चिकटवणारं स्पॉट वेल्डर हवं. ते त्यानं घरीच करायचं ठरवलं. मोडक्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढला, बारीक तारेचं वेटोळं करवतीनं कापून ठोकून बाहेर काढलं, आणि त्या जागी जाड वेल्डिंग केबलचे दोन वेढे घातले. केबलच्या टोकांना तांब्याच्या कांड्या, आणि दाबायला दारावरच्या घंटीचं बटण.

बटण जरा जास्त वेळ दाबलं की पट्टीला भोक पडे, कमी दाबलं की ती बोटानंच निघून येई. एकदा एक सेल फुसफुसला. चिमट्यानं उचलून त्यानं तो अंगणात भिरकावला. धूर घरात शिरला आणि सुंदरबाई खोकून खोकून अर्धमेली झाली.

"ऱ्हाऊ द्या ते," श्वास परतल्यावर ती म्हणाली. "जरा मन्हाजोडे बठा."

"एवढी रांग व्हई जाऊ दे. मंग येस."

पण सेलांच्या रांगेमागून रांग निघत गेली. तो पडवीत पाठमोरा वाकलेला आणि ती खाटेवरून ती पाठ बघत पडलेली, असे कितीतरी दिवस गेले.

शेवटी बॅटरी झाली. पक्कडीनं ओढून पाहिलं, तर पट्टी फाटली पण वेल्डिंगचा डाग सुटला नाही. त्या दुपारी वीज गेली आणि मशीन थांबलं नाही. सुंदरबाईनं नुसता त्याचा हात धरला. उरलेला उन्हाळा तिनं त्या बॅटरीवर काढला.

पोळ्याच्या आठवड्यात ती गेली. त्या दिवशी वीज होती, मशीन चालू होतं. हवा आत घ्यायला छातीच उरली नव्हती. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ती खाटेची सुंभं ओरबाडत होती.

तेराव्यानंतर भाईदास बॅटरी घेऊन सुगराबीकडे गेला. जिनिंगमध्ये ती सुंदरबाईच्या शेजारी बसायची. आता खाटेवर पडलेल्या तिच्याही नाकात नळी होती. तो वायर जोडत असताना तिनं विचारलं, "भाऊ, सुंदरले आखरीले तरास व्हयना का?"

भाईदासनं मान वर केली नाही.

"नही," तो म्हणाला. "झोपमाच गई."

सुगराबीनं त्याच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं. मग तिनं कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.