रागाला रकाना नव्हता

आधी काठी आपटायची, मग बोलायची. झिंगेवाल्या बुढीची ही रीत तुम्ही पाहिली असती, तर दोन पावलं मागेच सरला असता. "काऊन बे, नुसता भाव इचारून राह्यला का झिंगे घेऊन राह्यला?" ठक्क! गिऱ्हाईक मुकाट्यानं पिशवी उघडायचं.

गाव गडचिरोलीच्या जंगलातलं. तिथल्या उपकेंद्रात मी नर्स होते. कडक पांढरी साडी, मनगटावर नवं घड्याळ, आणि चार इंग्रजी शब्द येतात म्हणून हनुवटी छपराला टेकलेली. बुढी मला 'बगळी' म्हणायची. "आली बगळी! पाय मातीले लागू देत नाई वो!" ते ध्यान आठवलं की आज मीच हसते.

सुकवलेल्या झिंग्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन ती नाल्यापलीकडच्या गावी आठवडी बाजाराला चालत जायची. सून म्हणायची, आता घरी बसून खा.

"बजारात माह्या काठीले लोक भेतेत. घरी कोन भेते?"

मोबाइल नुकते दिसू लागले होते तेव्हाची गोष्ट. शहरातून दोन साहेब काठ्या घेऊन आले. मुठीखाली डबी, डबीत यंत्र. काठीवर भार किती पडतो, ती कशी हलते, सगळं आत साठणार. म्हातारं माणूस पडायच्या आधीच कळणार म्हणे. "सिस्टर, तुमच्याशिवाय हे होणार नाही," असं ते म्हणाले आणि बगळीचा मोर झाला. त्यातली एक काठी मी बुढीला दिली. तिनं लगेच आपटून पाहिली.

"बरी हाये. आवाज चांगला येते."

घोळ झाला तो इथंच. चालताना ती काठी टेकवायचीच. पण सुनेवर, कुत्र्यावर, उशिरा आलेल्या एस.टी.वर आपटायचीही. महिन्यानं साहेबांनी डबी कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावरच्या रेघेत सूरजागडचे डोंगर उभे!

"तोल फार जातोय. केव्हाही पडतील," साहेबांनी तिच्या मुलाला सांगितलं. तो बल्लारपूरला कागद कारखान्यात होता, सुटीवर आलेला. त्याचं तोंडच उतरलं.

"अहो, तोल कसला? रागानं आपटते ती!" मी म्हटलं.

"सिस्टर, रागाला यात रकाना नाही."

त्या पोरसवदा साहेबाच्या तोंडावर माझं नवं घड्याळ फेकून मारावंसं वाटलं.

मुलानं बायकोला बजावलं, बुढीला फाटकाबाहेर सोडायचं नाही. टोपलं माळ्यावर गेलं. बुढी पिसाळली. दिवसभर अंगणात ठक्क, ठक्क. पुढच्या खेपेला डोंगर आणखी उंच, आणि साहेबांचे चेहरे आणखी गंभीर.

मुलगा पुन्हा सुटीवर आला, तेव्हा मी त्याला गाठलं. "भाऊ, तुझी माय चिडली आहे. तिला बाजाराला जाऊ दे."

"बाई, माय पडली तं लोक मलेच म्हनतीन ना? साहेब काय खोटं सांगून राह्यले?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. घ्या! भांडायला धड वैरीसुद्धा मिळेना.

पावसाळाभर ती खाटेवर. बसवून ठेवलेले पाय वाळतातच. दिवाळीला ती उठायला गेली, तर गुडघे खरंच लटपटले. मी धरायला धावले. तिनं माझा हात झटकला.

"चालू देल्लं नाई, अन् आता म्हनतेत चालता येत नाई."

हे बोलताना तिनं काठी आपटली नाही. मी नर्स, नाडी न बघताही मला काय ते कळलं.

थंडीत ती गेली. सुनेनं काठी उपकेंद्रात आणून टेकवली. साहेब आले, त्यांनी डबी जोडली. पडदा सपाट, तळ्याच्या पाण्यासारखा.

"वा! शेवटचा महिना फार छान आहे. घरी बसवल्याचा उपयोग झाला, बघा सिस्टर!"

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही घाई केली नाही. दोघांनाही पोटभर हसू दिलं.

मग म्हटलं, "चला, भेटवते तुम्हाला."

चकचकीत बूट घालून ते माझ्यामागून निघाले. तिचं घर लागलं, तिथं मी थांबले नाही. वस्ती संपली. "अजून किती लांब, सिस्टर?" एकानं विचारलं. मी नाल्याकाठच्या मातीच्या ढिगाकडे बोट केलं. माती अजून बसलीही नव्हती.

"मोजा," मी म्हटलं.