चंद्रोदयाआधीचा गूळ

मी देवाशी सौदा केला होता, आणि दीड वर्ष मी त्याला भक्ती म्हणत होते. आमच्या एकुलत्या एका लेकीचे दोन गर्भ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गेले. दुसऱ्या वेळी ती माहेरी पेणला येऊन पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचं ते पाठमोरं रूप मला बघवेना. मग मी गणपतीसमोर बसून बोलून टाकलं, एकवीस संकष्ट्या करीन, त्याही निर्जळी, आणि एकटी नाही, आम्ही दोघं नवराबायको करू. यांना मी विचारलंसुद्धा नाही. घरी येऊन नुसतं सांगितलं. हे म्हणाले, "बरं गो," आणि हातातला ब्रश धुवायला निघून गेले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. पट्टीने रेघ मारल्यासारखं आयुष्य काढायची मला सवय आहे. नियम म्हणजे नियम. आमचे हे त्याच्या अगदी उलट. पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यात हे आखणी करतात, म्हणजे तयार मूर्तीचे डोळे रंगवतात. दिवसभर देवाच्या डोळ्याला डोळा लावून बसणारा माणूस, पण घरी देवपूजा विचाराल तर दोन फुलं वाहून मोकळा. मी त्यावरून कायम टोमणे मारायची. यांना मधुमेह आहे. पूर्वीची गोळी साधी होती आणि उपासाच्या दिवशी ती चुकवली तरी चालायची. अशा सतरा संकष्ट्या झाल्या. मध्येच लेकीकडून गोड बातमी आली, तिसरा महिना सुखरूप गेला, चौथा गेला, सहावा लागला. माझा विश्वास असा बसला की विचारू नका. सौदा पटला होता. आता फक्त माझ्या बाजूने चूक व्हायला नको होती.

पौषातली गोष्ट. कारखान्याला दोन दिवस सुट्टी होती. यांच्या मनात फार दिवसांपासून रोह्याच्या पुढे, मुरुडकडच्या डोंगरातल्या फणसाड अभयारण्यात जायचं होतं. म्हणायचे, "जन्मभर बाप्पाच्या उंदराला मण्यासारखे डोळे काढले. एकदा जित्या जनावराचा डोळा बघू दे की मला." आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी नेमकी संकष्टी, आमची अठरावी. हे म्हणाले, पुढच्या महिन्यात जाऊ. मीच म्हटलं की संकष्टीच्याच दिवशी जाऊ, फिरण्यात दिवस निघून जाईल, भूक-तहान आठवणारसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी यांची गोळी बदलली होती. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि घेतल्यावर अर्ध्या तासात पोटभर खायचं. मी त्यातलं पहिलं वाक्य नियम म्हणून डोक्यात पक्कं केलं. दुसरं वाक्य मी ऐकलं होतं, विसरले नव्हते, पण त्या सकाळी मी त्याच्याकडे बघितलंच नाही. आता गोळी घ्यायची तर पाणी हवं, आणि उपास तर निर्जळी. मी त्यावर तोड काढली. पूजेचं तीर्थ उपासाला चालतं, म्हणून मी यांच्या तळहातावर पळीभर तीर्थ घातलं आणि त्याबरोबर गोळी गिळायला लावली. दोन्ही नियम पाळले गेले म्हणून मी मनातून खूशही झाले. यांच्या खिशात नेहमी दोन-चार चॉकलेटच्या गोळ्या असतात, त्या मी काढून फडताळात ठेवल्या. गाडीत खायला काहीच घेतलं नाही, जवळ असलं की मन चळतं म्हणून.

नागोठणं सोडून निडीच्या अंगाने रोह्याला आलो तोवर उन्हं चांगली वर आली होती. हे मजेत गाडी चालवत होते, मला चिडवत होते. रोह्याच्या पुढे घाट लागला, झाडी दाट झाली आणि अकराच्या सुमाराला आम्ही जंगलाच्या फाटकाशी पोचलो. तिथल्या चौकीदाराने नावं लिहून घेतली आणि पाणवठ्याकडे जाणारी पायवाट दाखवली. दोन किलोमीटर असेल, म्हणाला. अर्ध्या वाटेवर यांना शेकरू दिसलं. उंच झाडाच्या फांदीला उलटं लटकून ते आमच्याकडे बघत होतं. हे मान वर करून इतका वेळ उभे राहिले की मीच कंटाळले. "बघ गो, डोळ्यात पाणी हाय त्याच्या. आपण कोरडेच रंगवतो," असं काहीतरी बोलले. तेव्हाच मला त्यांच्या शर्टाची पाठ ओली दिसली. थंडीचे दिवस, सावलीची वाट, आणि पाठ भिजून चिकटलेली.

पाणवठा आला तेव्हा हे उलट्या दिशेने चालायला लागले. मी हाताला धरलं तर हात झटकला. चौतीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. पण ते माझ्याकडे टक लावून बघत ओरडले, "तू कोण गो? माझ्या मागं का लागलीस?" पुढच्याच क्षणी ते एका झाडाच्या बुंध्याशी बसले, बसले कसले, घसरले. ओठ थरथरत होते, चेहरा राखेसारखा झाला होता. मोबाइलला रेंज नव्हती. आसपास चिटपाखरू नव्हतं.

आणि मी काय केलं? मी एकतीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलेली बाई. मला वाटलं, जंगलात काहीतरी बाधलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि अथर्वशीर्ष म्हणायला लागले. ते माझ्या मांडीवर विझत होते आणि मी उच्चार शुद्ध येतात की नाही याकडे लक्ष देत होते. आज हे लिहिताना माझी मलाच भीती वाटते.

दुसरं आवर्तन चालू असताना वाटेवर वहाणांचा आवाज आला. साठीची एक बाई, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, डोक्यावर फडक्याचं मोठं गाठोडं. तिची एसटी आली नव्हती म्हणून ती रानातून पलीकडच्या गावाला निघाली होती, हे तिने मागाहून सांगितलं. तिने गाठोडं खाली ठेवलं, यांच्या कपाळाला हात लावला आणि तो ओला हात बघून मला विचारलं, "साखरंचा आजार हाय का याला?"

"हो."

"गोली घेतली? नि सकालपासना खाल्लंय काय?"

"गोळी घेतली. पण आज संकष्टी आहे, त्यांनी काही खाल्लेलं नाही."

"माजे सासूला असाच घाम येतो," एवढं बोलून तिने गाठोडं सोडलं. आत लाडू होते, सुकं खोबरं होतं आणि कागदात बांधलेली गुळाची छोटी ढेप. तिने दगडाने गुळाचा खडा फोडला, बोटांनी चुरला आणि यांच्या तोंडाशी नेला.

मी तिचं मनगट धरलं.

मी तिचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाले, "नको. चंद्रोदय व्हायचाय. लेकीसाठी नवस आहे, मोडला तर तिचं बाळ..." माझ्या एका बाजूला नवऱ्याचा जीव होता आणि दुसऱ्या बाजूला न जन्मलेलं नातवंड, आणि मला खरोखर वाटत होतं की या दोघांतलं एक मला निवडायचं आहे. त्याहून वाईट म्हणजे मी निवडलं होतं. माझा हात सुटत नव्हता.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, अडाणी पोराकडे बघावं तसं. म्हणाली, "देवाला काय सांगायचा तं मी सांगीन. तू हात सोर."

मी सोडला असं म्हणवत नाही. तिनेच हिसका देऊन सोडवला. यांचे दात घट्ट आवळलेले होते. तिने गालाच्या आत बोट घालून हिरडीला गूळ चोळला, पुन्हा चुरला, पुन्हा चोळला. मी नुसती बघत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग यांच्या घशाची हालचाल झाली. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच जीभ फिरवली. डोळे उघडले, आधी त्या बाईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अगदी बारीक आवाजात मला नावाने हाक मारली. मी तोंडात पदर कोंबून रडले.

तिने यांना एक लाडू खाऊ घातला, वर आपल्या वाट्याची अर्धी भाकरी दिली. "लेक बालंत झाली, तिला नेत व्हते," ती म्हणाली. मी म्हटलं, अहो, तुमच्या लेकीचं खाणं सगळं... तर हसून म्हणाली, "तिला दुसरा मिलंल." तिने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरून यांना फाटकापर्यंत आणलं. चौकीदार आमची गाडी चालवायला बसला, मी मागच्या सीटवर यांना टेकवून वळून बघितलं तोवर गाठोडं डोक्यावर घेऊन ती पायवाटेने निघालीही होती. तिचं नाव मी विचारलं नाही. वर्गात हजारो वेळा हजेरी घेणाऱ्या मला एक नाव विचारायचं सुचलं नाही.

रोह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी यांना संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, कारण ती गोळी पुन्हा साखर खाली आणू शकते. रानात गूळ कुणी दिला, असं त्यांनी विचारलं. "त्या माणसाने जीव वाचवला," म्हणाले. मग विचारलं, गोळी घेऊन हे उपाशी कसे राहिले? मी तीर्थाचं खरं ते सांगितलं. ते चष्मा काढून पुसत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सिस्टरने माझ्या हातात चहाचा कप दिला. बाहेर अजून ऊन होतं. मी तो चहा प्यायले. मग ध्यानात आलं की चंद्रोदयाआधी माझाही उपास मोडला, आणि लेकीला फोन लावला. नवस, निर्जळी उपास, गूळ, सगळं एका दमात सांगितलं आणि म्हटलं, माझ्या हातून मोडलं गं, तू जप. ती म्हणाली, "आई, दीड वर्ष तू बाबांना माझ्यासाठी पाण्याशिवाय ठेवत होतीस? बाबांना काही झालं असतं तर मी या बाळाकडे कशी बघितली असती?" ते बाळ जन्मायच्या आधीच मी त्याच्या डोक्यावर केवढं ओझं ठेवायला निघाले होते.

घरी आल्यावर आठ दिवस मी यांच्याशी नीट बोलू शकले नाही. हे मात्र पूर्वीसारखेच. शेवटी एका सकाळी चहा देताना मी सांगून टाकलं की त्या बाईचा हात मी धरला होता. हे बशीतला चहा फुंकत होते. म्हणाले, "माहीत हाय. ऐकू येत होतं मला."

मी म्हटलं, काय ऐकू येत होतं?

"तू नको म्हणालीस ते. म्हणून तर मी दात आवळून धरले होते."

मी खाली बसले. जाणाऱ्या शुद्धीतही या माणसाने माझा शब्द मोडला नव्हता. ज्याची देवपूजा दोन फुलांची म्हणून मी हिणवत आले, त्याने मरणाच्या दारात जे केलं ते माझ्या सतरा उपासांत कुठेही नव्हतं. आणि माझ्या शब्दाची किंमत त्याचा जीव होती.

लेकीचे दिवस आता भरत आले आहेत. काय होईल ते मला माहीत नाही. उरलेल्या संकष्ट्या मी केल्या नाहीत. रोज दिवा लावते, हात जोडते, काही मागत नाही. मागायला तोंड उघडलं की रानात मी त्या बाईचं धरलेलं मनगट आठवतं आणि शब्द आपोआप थांबतात. ती बाई कोण, देवाने धाडलेली की एसटी आली नाही म्हणून रानातून निघालेली, हा वाद मी घालत नाही. दोन्ही असेल. त्या दिवशी रानात मी देवाला आपल्या बाजूने घट्ट धरून ठेवलं होतं, आणि त्याने हिसका देऊन हात सोडवून घेतला. मी जे मागत होते ते त्याने ऐकलं नाही. त्या न ऐकण्याबद्दल मी रोज सकाळी, यांच्या ताटात पहिली भाकरी वाढताना, त्याचे आभार मानते.