तान्ह्या पोळ्याच्या दिवशी खारू कुठे होती

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. आईला नाही, ह्यांना नाही. देवापुढे बसले तरी त्याच्याशी मी दुसरंच काहीबाही बोलत आले. बोलण्यात मी पहिल्यापासून कच्ची. चार माणसं जमली की माझी जीभ टाळूला चिकटते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर बरं आहे, आणि कागदापुढे लाज वाटत नाही — म्हणून लिहिते. तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही. जवळचं कोणी आहात असं धरून चालते.

गोष्ट कुत्रीची आहे. तुम्ही म्हणाल, एवढंच का? थांबा जरा. मला सरळ सांगता येत नाही.

आम्ही खापरखेड्याला वीज केंद्राच्या वसाहतीत राहतो. दुसरा मजला, दोन खोल्या आणि एक गॅलरी. गॅलरीत बाज टाकली की माणसाला पाय ठेवायला जागा उरत नाही. ह्यांची ड्यूटी पाळीची. भोंगा वाजला की जायचं, भोंगा वाजला की यायचं. आम्हाला मूल झालं नाही. शेजारपाजारच्या बायका संध्याकाळी खाली ओट्यावर बसत, मला बोलावत, पण मी काहीतरी काम काढून घरातच राहत असे. तेव्हा एकदा मी धीर करून ह्यांना विचारलं, एक कुत्रं पाळू का?

हे जेवत होते. हसले. "अंगण नाही, परस नाही. कुत्रं काय तुह्या डोक्यावर बांधशीन?"

दोन दिवसांनी त्यांनीच विषय काढला. "आण एखादं. पण भुकणारं नको. आन् एक ध्यानात ठेव, तक्रार आली का त्याच दिवशी मी त्याले पोत्यात घालून कन्हान नदीच्या पल्याड सोडून येईन. मंग रडायचं नाही."

हे काही कठोर नाहीत. पण एकदा बोलले की तसं करतात. हे मला तेव्हाही माहीत होतं.

रेल्वे फाटकाजवळ गिरजाबाई नावाची म्हातारी राहायची. तिच्या घराला चांगलं मोठं अंगण होतं. कोळशाच्या मालगाडीच्या डब्याखाली एक गावठी कुत्री सापडून मेली होती आणि तिची तीन पिल्लं गिरजाबाईने उचलून आणली होती. बाप म्हणे साहेबाच्या बंगल्यातला केसाळ कुत्रा. त्यामुळे पिल्लांचे कान अर्धे उभे, अर्धे पडलेले, अंग गावठी आणि शेपटी मात्र झुपकेदार. एक पिल्लू आधीच कोणीतरी नेलं होतं. मी गेले तेव्हा दोन होती. काळं धावत आलं आणि माझ्या लुगड्याचा काठ चावायला लागलं. दुसरं भुरं, फुटक्या रांजणामागे. त्याचं फक्त नाक दिसत होतं.

मी त्या नाकाकडेच बघत राहिले. गिरजाबाईच्या ते लक्षात आलं.

"बाई, काळं घ्या. ते आपण होऊन आलं तुमच्याजवळ. भुरं लय भित्रं हाय. भित्र्या कुत्र्याले जागा असली तं ते पळून जाते, जागा नसली तं चावते. तुमच्या घरात पळाले जागा कुठी हाय?"

इतकं सरळ तिने सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. मला वाटलं, काळ्याला कोणीही नेईल. ह्या रांजणामागच्याला कोण नेणार? आणि दोन खोल्यांच्या घराला हेच बरं, कुठे जाणार नाही, भुंकणार नाही, कोपऱ्यात बसून राहील. खरं सांगू? ते पिल्लू मला माझ्यासारखं वाटलं. आपल्यासारखं दिसलं म्हणून कुत्रं निवडायचं असतं का? मी निवडलं. पदरात गुंडाळून आणलं. वाटेभर ते थरथरत होतं आणि मी त्याला म्हणत होते, भिऊ नको बाई, भिऊ नको. माणसांशी इतकं लाडानं मी कधी बोलले नव्हते.

पोळीचा तुकडा दोन्ही पायांत धरून कुरतडायची, म्हणून नाव पडलं खारू.

किती सांगू तिचं. महिनाभर ती पलंगाखालून निघाली नाही. मग एक दिवस मी तांदूळ निवडत होते तर येऊन सुपाच्या कडेवर हनुवटी ठेवून बसली. तेव्हापासून तिची ती जागा झाली. गॅलरीत पोतं टाकलं होतं, तिथून ती खालचा रस्ता बघायची. भोंगा झाला की दाराशी जाऊन बसायची. ह्यांच्या सायकलचा आवाज इतक्या सायकलींत तिला बरोबर कळायचा. हे वरवर म्हणायचे, "सरक वं, पायात येऊन राहिली." पण जेवताना ती ह्यांच्या पायावर मान टाकून झोपायची आणि जेवण झालं तरी हे पाय हलवायचे नाहीत. भुंकणं असं नाहीच. फक्त खडखड आवाजाला भ्यायची. बादली गडगडली, हातगाडी गेली, की पलंगाखाली. चाकाचा आवाज तर तिला मुळीच सहन होत नसे. हे मला चांगलं ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा.

अंगण नसलेल्या घरात कुत्रं ठेवायचं म्हणजे दिवसातून दोनदा तरी त्याला खाली न्यावं लागतं. मी सकाळी लवकर न्यायची आणि दुपारी बायका झोपल्या असतील तेव्हा. पण कधी खाली गर्दी असली की मी दार उघडून तिला एकटीलाच सोडायची. ती भिंतीच्या कडेनं जायची, मागच्या बाभळीपाशी आटपून वर यायची. कोणाला दिसायचीही नाही. असं मी पंधरा-वीस वेळा तरी केलं असेल. ह्यांना सांगितलं नव्हतं.

पोळ्याचा दुसरा दिवस, तान्हा पोळा. आमच्याकडे त्या दिवशी लहान मुलं चाकाचे लाकडी बैल घेऊन निघतात, मैदानात बैलांची रांग लागते, मग घरोघरी बोजारा मागत फिरतात. कोणी पैसे देतं, कोणी खाऊ. खाली ही मोठी गर्दी. बायका नटूनथटून उभ्या. खारूला तर जायचंच होतं, दाराशी घुटमळत होती. मी दोरी हातात घेतली आणि पुन्हा खुंटीला लावली. एवढ्या बायकांमधून जायचं, कोणी काही विचारलं तर बोलायचं... मी दार उघडलं आणि म्हटलं, जा, लवकर ये.

खालच्या मजल्यावर विमल राहायची, तिची मुलगी मंदा. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. तिच्या बापानं तिला बैल करून दिला होता. तो फिटर, त्यामुळे बैलाला पत्र्याची चाकं. मंदा सगळ्यात आधी आमच्याकडेच बोजारा मागायला निघाली होती. जिन्याखाली सायकली ठेवायची अंधारी जागा आहे. खारू परत येत असताना समोरून तो बैल खडखडत आला असणार, आणि ती सायकलींच्या मागे शिरली.

मी जिन्याच्या कठड्यावरून वाकून बघत होते. मंदानं बैल पायरीवर चढवला, तो मागे घसरला, चाकं दगडावर करकरली — आणि सायकलींमधून खारू झेपावली. मंदाच्या पोटरीला एकदाच तोंड लावलं आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर आली. मंदा डोळे गच्च मिटून किंचाळत होती; त्या अंधारात तिला भुरं अंग तेवढं दिसलं असणार. सरळ पलंगाखाली. मी दार लावून घेतलं. कडी घातली.

मी खाली धावत गेले नाही. मंदाचं रडणं ऐकत दाराला पाठ लावून उभी राहिले.

थोड्या वेळानं विमल वर आली. कडेवर दोन महिन्यांचं बाळ, केस सुटलेले. "वहिनी, मंदाले कुत्रं चावलं जी. भुरं कुत्रं म्हणते. तुमची खारू खाली आली होती का?"

मैदानात त्या दिवशी खाण्याच्या वासानं पाच-सहा कुत्री जमली होती. त्यांतली निम्मी भुरी.

मी म्हटलं, "नाही. ती तर सकाळपासून बांधून आहे."

एवढंच. तेव्हा माझी जीभ अडखळली नाही. जन्मात पहिल्यांदा मी इतकं स्वच्छ बोलले असेन.

विमलनं लगेच विश्वास ठेवला. मी खोटं बोलेन असं कोणाला का वाटावं? माणसं काठ्या घेऊन ते कुत्रं शोधायला गेली. कसं सापडणार? मग सगळे म्हणाले, कुत्रं चावलं म्हणजे सुया घ्याव्याच लागतील. त्या वेळी चौदा सुया असत, रोज एक, पोटात. मोठी माणसंही त्या सुईच्या नावानं पांढरी पडायची.

विमल ओली बाळंतीण, तिच्या नवऱ्याला सुट्टी नाही. नागपूरच्या दवाखान्यात मुलीला रोज नेणार कोण? मी म्हटलं, मी नेते. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. जी कधी एकटी बाजारात गेली नाही, ती एसटीनं नागपूरला जाणार?

मी गेले. चौदा दिवस गेले. मंदाला खिडकीशी बसवायची, ती माझ्या मांडीवर पाय टाकायची. पोटावरचा फ्रॉक वर धरावा लागे तो मीच धरायची. पहिल्या दिवशी ती किंचाळली. दुसऱ्या दिवशी सुई यायच्या आधीच तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "काकू, आता खारू काय करून राहिली असन?" मी सांगितलं, पोत्यावर बसली असेल, रस्ता बघत असेल. ती ऐकत राहिली आणि रडली नाही. मग रोज तेच. पोट सुजून कडक झालं होतं, सुई टोचायला जागा शोधावी लागायची, आणि मी तिला खारूच्या गमती सांगायची. खारूनं ह्यांचा मोजा कुठे लपवला, खारू आरशापुढे कशी बसते. ती हसायचीसुद्धा.

चौथ्या दिवशी तिथला कंपाउंडर मला म्हणाला, "चावा तर लहानच आहे. कुत्रं ओळखीचं असतं तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवली असती. ठणठणीत राहिलं का झालं, सुईची गरजच नाही. पण ते कुत्रं सापडूनच नाही राहिलं, तर काय करता?"

तोपर्यंत मला हे माहीत नव्हतं. सुई घ्यावीच लागते, त्यात पोरीचं भलंच आहे, असं मी मनाला सांगत होते. आता तेही राहिलं नाही. अजून दहा सुया बाकी होत्या. एका शब्दानं त्या थांबल्या असत्या. घरी येताना मी ठरवलं, आज ह्यांना सांगायचं.

संध्याकाळी ताट वाढलं. खारू ह्यांच्या पायावर मान टाकून झोपली होती. मी तोंड उघडलं आणि विचारलं, अजून एक पोळी वाढू का?

पाचव्या दिवशी सकाळी मी मंदाला घेऊन पुन्हा एसटीत बसले.

गिरजाबाईच्या कानावर गेलं होतं. फाटकाशी भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "भुरं म्हणते पोरगी. भुरी तं तुमचीबी हाय." मी तशीच पुढे चालायला लागले. त्यानंतर त्या रस्त्यानं जाणंच सोडलं. पुढे ती आजारी पडली, गेली. मी तिला भेटायलाही गेले नाही.

चौदावी सुई झाली त्या दिवशी विमलनं मला घरी बोलावलं, पाटावर बसवलं आणि माझी ओटी भरली. नारळ, खण, गहू. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "वहिनी, सख्खी बहीणही कोणी इतकं करत नाही जी." मी पदर पसरला आणि ओटी घेतली. त्या खणाचं ब्लाउज शिवलं. घातलंसुद्धा.

वसाहतीत माझं नाव झालं. बायका माझ्याशी आपणहून बोलायला लागल्या, मीही थोडंथोडं बोलायला शिकले. मंदा रोज आमच्याकडे यायची. खारू आधी लपायची, मग हळूहळू तिच्या मांडीवर झोपायला लागली. मंदा अभ्यास मोठ्यानं वाचायची आणि खारू कान हलवायची. त्या दोघी पोत्यावर बसलेल्या दिसल्या की माझा जीव इतका सुखावायचा की काय सांगू. आणि त्याच वेळी मंदाच्या पोटरीवरचा तो पांढरा डाग दिसायचा. दोन्ही एकदमच.

खारू गेल्या थंडीत गेली. म्हातारी झाली होती, दिसत नव्हतं. मी आणि मंदा दोघीजणी तिच्याजवळ बसलो होतो. मंदा आता वीस वर्षांची आहे, तिचं लग्न ठरलंय. ती रडत होती आणि माझा हात तिच्या हातात होता. सांगायचं असतं तर ती वेळ होती. नदीपल्याड सोडून येण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. तरीही मी बोलले नाही. म्हणजे तेव्हा खारूसाठी नव्हतं. माझ्यासाठीच होतं.

आज पुन्हा ती दुपार आली आणि विमल दारात उभी राहिली तर मी खरं बोलेन, असं लिहावं असं फार वाटतं. लिहायला बसले तेव्हा शेवट तसाच करायचा विचार होता. पण हात तसं लिहीत नाही. एका लहान मुलीच्या पोटात चौदा सुया गेल्या, त्यातल्या एकीचीही गरज नव्हती, आणि निदान दहा मी जाणूनबुजून जाऊ दिल्या. त्यानंतर खारू आमच्या घरात तेरा वर्षं राहिली. त्यातला एकही दिवस परत द्यावा असं मला वाटत नाही.