डोंगराकडे तोंड केलेली खुर्ची

तार आली तेव्हा मी वाडीत सुपारी सोलून घेत होतो. ‘वसंत गेला.’ एवढंच. चाळिशीही न गाठलेला माणूस, हृदयाने दगा दिला. मी असा ओरडलो की तिकडे रेवसला लाँच धक्क्यावरून मागे फिरली म्हणतात. वसंता असता तर म्हणाला असता, “बाबू, आवाज तिथवर पोचायला मिनिट लागतं, मिनिट!”

आम्ही नागावचे, शेजारशेजारच्या वाड्यांतले. मी नारळाला चिकटलो. तो मुंबईला शिकला आणि दक्षिणेत सोन्याच्या खाणीत जाऊन बसला, तेही सोन्यासाठी नव्हे. हेच गावाला पटेना. सुट्टीवर आला की निम्मा तालुका त्याच्या ट्रंकेकडे बघे. त्याचे भाऊकाका गाडीवानाला हळूच विचारत, “जड आहे का रे?” एकदा ट्रंकेतून काचेसारखी प्लॅस्टिकची लादी निघाली आणि गावात हिरा आल्याची बातमी झाली. दुपारी तो हिरा सुपारीएवढा होता, संध्याकाळी शहाळ्याएवढा. ही वाढ कोणी केली, ते मी इथे लिहीत नाही.

“हिरा नाही, काका,” वसंता म्हणाला. “न्यूट्रिनो म्हणून एक कण असतो. अख्खी पृथ्वी आरपार करतो, कुणाला धक्का न लावता. अगणितांतला एखादाच खडकातल्या अणूच्या गाभ्यावर आदळतो. त्या धडकेतून दुसरा कण उडतो आणि असल्या लादीतून गेला की बारीकसा उजेड पडतो. अशा धडका किती होतात, ते आम्ही मोजतो.”

“म्हणजे दिसत नाही, विकत नाही, खाताही येत नाही!” काका कडाडले. “वर्षानुवर्षं सोन्याच्या खाणीत, आणि बायकोच्या गळ्यात काळी पोत!”

सुमतीवहिनी आत ताक घुसळत होत्या. रवी क्षणभर थांबली…

वसंता चिडला नाही. “काका, आपल्या खाडीत कोळी डोल लावतात, तेव्हा माशामागे धावतात का? खुंट ठोकायचे, जाळ्याचं तोंड प्रवाहाकडे करायचं आणि थांबायचं. आमचंही तेच. आभाळातून वरून कोसळणाऱ्या कणांचा नुसता बाजार, तो चुकवायला खोल खाणीत उतरायचं. तिथे यंत्रांच्या भिंती उभ्या करायच्या. आडवा, पृथ्वीच्या पोटातून येईल तो आपला.”

घरीही तीच तऱ्हा. सगळ्या गावाच्या आरामखुर्च्या समुद्राकडे, अंगणातल्या याच्या खुर्चीची पाठ समुद्राला आणि तोंड डोंगराकडे. “आमचे पाहुणे तिकडून येतात,” म्हणायचा. काका म्हणत, “येऊ देत. निदान चहा तरी मागणार नाहीत!”

आणि पाहुणे आले! पुढच्या एका सुट्टीत तो धक्क्यावर उतरला तोच नाचत. “बाबू, आली रे धडक! आडवी आली!” मी असा उडालो की टोपी थेट मांडव्याला सापडली.

तेराव्याला पंगत उठली. कुणीतरी त्याची खुर्ची समुद्राकडे फिरवली होती आणि तीत भाऊकाका बसले होते. म्हणाले, “फुकट गेला पोरगा. खाणीतून हात हलवीत वर आला.”

मी उठलो. माझ्या बोलण्यातलं निम्मं लोक कापून ऐकतात, खुशाल कापोत. पण तेव्हा बोललो त्यातलं अक्षरही कापू नका. पृथ्वी भेदून आलेल्या न्यूट्रिनोची धडक जगात पहिल्यांदा ज्या मूठभर माणसांनी पकडली, त्यांत आमचा वसंता होता. “काका, उठा,” म्हटलं आणि खुर्ची डोंगराकडे फिरवली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा समुद्राकडे. मी पुन्हा फिरवली. असे कितीतरी आठवडे चालले. काका फिरवत, मी फिरवी.

काल गेलो तर खुर्ची डोंगराकडेच. मी सवयीने हात लावला, हलेना. सुमतीवहिनी ओटीवर उभ्या होत्या. गळ्यात आता काळी पोतही नाही, हातात हातोडा.

“राहू द्या, भावजी,” त्या म्हणाल्या. “कोळीवाड्यातून खुंट आणून ठोकले आणि चारी पाय बांधून टाकले. आता फिरवा म्हणावं.”