बटण दाबायच्या आधीच आलेला ओटीपी

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर हसणारी मुलगी आहे. कुणी भुताचं काही सांगायला लागलं की मी म्हणते, "लोकेशन पाठव." पण हे माझ्यासमोर झालंय... दिवसाढवळ्या!

मी तळोद्याची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एकाचं दुकान आहे, बोर्डवर "सायबर सिक्युरिटी एक्सपर्ट". करतो काय, तर झेरॉक्स काढतो, फॉर्म भरतो. सगळे हॅकरभाऊच म्हणतात. त्याचं सर्टिफिकेट नेटवरून उचललेलं, हे मीच शोधून गल्लीच्या ग्रुपवर टाकलं होतं. जाम भांडण झालं तेव्हा.

आणि त्याच्याचकडे जायची वेळ आली. नर्सिंगची सीट लागलीय हे मला दुपारी कळलं, पाचच्या आत कन्फर्म करायची. साइट मोबाइलवर उघडेना, लाइट गेलेली, इन्व्हर्टर फक्त याच्याकडे. त्यात ओटीपी जाणार दादाच्या नंबरवर. दादा मोलगीच्या पुढे एका पाड्यावर शिक्षक. तिथे रेंज फक्त टेकडीवरच्या एका मोहाच्या झाडाला — शाळा सुटल्यावर पिशवीत घालून मोबाइल टांगायचा, मेसेज आले की उतरवायचा. चार चाळीस झालेले. दादा कव्हरेजच्या बाहेर.

"आते हॅकर आठवना का तुले? ग्रुपवर त फ्रॉड व्हतू मी!"

"भाऊ, माझी सीट जाईल हो..."

"थांब. सर्व्हरमधून काढस."

डोळे मिटून त्याने कीबोर्ड बडवला. समोर नुसतं नोटपॅड उघडं होतं, मला दिसत होतं की! त्यात सहा आकडे. "ले, हाऊ तुन्हा ओटीपी."

मला रडूच फुटलं. कारण मी "सेंड ओटीपी" अजून दाबलंच नव्हतं. तसं म्हटल्यावर तो गडबडला. "मंग... दाब ना."

दाबलं. तेच आकडे टाकले.

सीट कन्फर्म!!

मी ओरडून त्याच्याकडे बघितलं, तर तो खुर्ची मागे ढकलून भिंतीला टेकलेला. घामाघूम. "बहीन, मी त मनानंच टाकेल व्हतं..."

संध्याकाळी दादाने फोन टांगला, मेसेज आला. स्क्रीनशॉट पाठवला. तेच सहा आकडे.

लोक म्हणतात, खरा हॅकर निघाला. निघाला असता तर बरं झालं असतं हो... पण मी बटण दाबेपर्यंत तो नंबर सर्व्हरवरही नव्हता. चोरणार कुठून?

परवा तो घरी आला. बोर्ड उतरवलाय. आईने दिलेला चहा तसाच ठेवला. "बहीन, ग्रुपवर परत टाक ना... मी फ्रॉड शे असं."

टाकलं मी. कुणी मानलं नाही. उलट "आता पटलं ना, मॅडम?" म्हणून हसले.

जाताना त्याने चिठ्ठी दिली. वेगळेच सहा आकडे. "सकायपासून डोकामा फिरी ऱ्हायनात. कोन्हा शेतस, माहीत नही."

चिठ्ठी मोबाइलच्या कव्हरमध्ये आहे. कुठलाही ओटीपी आला की आधी ती काढते. आत्ता हे टाकायला लॉगिन केलं, तेव्हाही लावून बघितला... तो नव्हता. कुणाला येणार, कधी येणार, आणि त्याने काय उघडणार — मला खरंच माहीत नाही.